आतली कडी

लग्नाला दोन वर्षं झाली, आणि आमच्या खोलीला दोन दारं असून एकालाही कडी नाही. ही घरातली मधली खोली. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, म्हणजे कुणालाही कुठंही जायचं तर आमच्या पलंगाला वळसा घालूनच. सासरे हिंमतराव पहाटे चारला लाइन आली की विहिरीवरची मोटर सुरू करायला निघतात, आणि मोटरच्या खोलीची चावी टांगलेली आमच्या उशाच्या वरच्या खिळ्याला. ते बिचारे दारातून खोकत येतात, मान वळवून हात लांब करतात आणि चावी घेऊन जातात. सासूबाई तर खोकतही नाहीत. वर दर महिन्याला त्याच मला विचारतात, गोड बातमी कधी देणार. आधी मला रडू यायचं, आता चीड येते.

मी डिंपल. माहेर खामगावचं. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे बाहुल्यांपेक्षा बिजागऱ्यांशीच जास्त खेळले. नवरा कुलदीप, स्वभावानं गरीब गाय. मोताळ्याजवळच्या या गावात त्यांची शेती आहे आणि भाड्यानं जाणारी एक पिकअप. गेल्या हिवाळ्यात पिकअपसाठी अंगणात पक्कं गॅरेज बांधलं. सासऱ्यांनी त्याच्यावरही विटांच्या चार भिंती चढवून टिन टाकून ठेवलं, पुढेमागे कामाला येईल म्हणून. बाहेरून लोखंडी जिना. मी एकदा वर जाऊन बघितलं आणि ठरवून टाकलं, आपण इथं राहायचं.

आठ दिवस मी कुलदीपचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठं त्यानं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, हौस तुमची, तर हातही तुमचेच. मिस्त्री लावणार नाही. मग आम्हीच लागलो. मार्च महिना होता आणि दुपारी त्या टिनाखाली उभं राहिलं की टाळू तापायची. मोबाइलवर बघून बघून शिकलो. वरून टिनाला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. आतून लाकडी पट्ट्या ठोकल्या, त्यांच्यामध्ये थर्माकोलचे दोन थर बसवले आणि त्याखाली पीव्हीसीचं छत. पहिल्यांदा थर्माकोलच्या जोडांमध्ये बोटभर फटी राहिल्या आणि सगळी आग त्यातून खाली. अर्धं छत उतरवून पुन्हा केलं. या वेळी खालच्या थराचा जोड वरच्या शीटच्या मधोमध आणला आणि वर चिकटपट्टी मारली. पावसाळ्यात भिंतींचं प्लास्टर, मग पुट्टी, मग घासणं. दोघं पांढरे भूत होऊन जिना उतरायचो.

खरं सांगते, त्या सहा महिन्यांत आम्ही दोघं जितकं बोललो तितकं लग्नापासून बोललो नव्हतो. वर कुणी येत नव्हतं. मला हा माणूस तिथंच आवडायला लागला.

सासरे मात्र मे महिन्यात एकदा भर दुपारी बघायला आले. फरशीवर जरा टेकले आणि चार वाजेपर्यंत घोरत पडले. श्रावणात पुन्हा आले, भिंतींवरून तळहात फिरवून ओल शोधली. नव्हती. उंदरांना शिरायला बीळ शोधलं, तेही नव्हतं. खोली प्रत्येक परीक्षेत पास होत होती, आणि मी मूर्ख पेढे वाटायच्या तयारीत.

दसऱ्याला दार बसवलं. कडी मी वडिलांच्या दुकानातून आणली होती, पितळेची, आवाज न करता सरकणारी. कशाला लागते हे त्यांनी विचारलं नाही, पण दहा कड्या हाताळून त्यांनी ती निवडली. मी ती स्वतः आतून लावली. चार स्क्रू. मग आत उभी राहून दहा वेळा लावली आणि काढली.

पाडव्याला वर राहायला जायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, तुळशीचं लग्न होऊ द्या. तेवढ्यात कापूस वेचून घरी आला आणि भाव पडला. सासऱ्यांनी ठरवलं, आता विकायचा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षीही असंच झालं होतं. तेव्हा कापूस आमच्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचला होता आणि आम्ही त्याच्या पायथ्याशी तीन महिने अंग खाजवत झोपलो होतो.

या वेळी सासरे जेवता जेवता म्हणाले की वरची खोली कोरडी आहे, थंड आहे, कापूस पिवळा पडणार नाही. शिवाय तुम्हाला खाज सुटायची नाही. आपण आमच्यावर उपकार करतो आहोत असंच त्यांना मनापासून वाटत होतं. मी कुलदीपकडे बघितलं. तो भाकरी मोडत होता. बाबा म्हणतात तेही खरंच आहे, असं म्हणून त्यानं वरण मागितलं.

जिन्यात मी त्याला गाठलं. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन तो उभा होता.

"मी बाबाले काय सांगू?" तो म्हणाला. "आमाले दार लावाचं हाय, असं सांगू?"

"हाव. तेच सांगा."

तो लाजेनं लाल झाला आणि वर निघून गेला. मागून सासरे आले. त्यांनी दार मागंपुढं केलं.

"कडी आतून काऊन लावली बेटा? कापसाले आतून काय करतं? बाहेरून लाव, कुलूप घालता येईन."

कुलदीपनं पेचकस घेतला. स्क्रूच्या डोक्यावरून तो दोनदा घसरला. पितळ खराब झालं असतं, म्हणून मीच तो त्याच्या हातातून घेतला. चारही स्क्रू काढले आणि कडी बाहेरून लावली, अगदी ओळंब्यात. आत चार भोकं राहिली. संध्याकाळपर्यंत कापूस छताला टेकला. कुलूप लागलं आणि त्याची चावी आली आमच्या उशाच्या वर, त्याच खिळ्याला.

जेवताना सासूबाई लुगड्याला चिकटलेला कापूस वेचत होत्या. समोर सासरे, कुलदीप, सगळे.

"यंदा तरी पाळणा हलते का नाही व?" त्यांनी विचारलं.

"खोली मोकळी झाल्यावर पाहू, आई," मी म्हणाले. "कापसाले भाव आल्यावर."

सासूबाईंच्या हातातला कापूस हातातच राहिला. सासऱ्यांनी खाली मान घालून ताटातच हात धुतले, भात अर्धा तसाच होता.

पहाटे लाइन आली. मी जागीच होते. सासऱ्यांची पावलं आली आणि दाराशी थांबली. दोन वर्षांत ती तिथं कधी थांबली नव्हती. त्यांनी चौकटीवर टकटक केलं.

"बेटा, चावी दे."

मी पदर नीट करून उठले. खिळ्याला दोन चाव्या होत्या, मोटरची आणि कापसाची. मी दोन्ही काढल्या आणि दारातून त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी दोन्ही चाचपून पाहिल्या, खिशात टाकल्या. मग आत न येता बाहेरच्या बाजूनं वळून जायला निघाले, आणि जाताना आमचं दार ओढून घेतलं.

ते हळूहळू पुन्हा उघडलं.