अर्धी मिशी

"फोटो बघून मावशी 'हाच माझा पोरगा' म्हणाल्या नाहीत, तर अर्धी मिशी उतरवीन. तीही भर रस्त्यात," फोटोवाल्याने शेजारच्या टेलरला टाळी दिली. टेलरने लगेच टेप काढून मिशीचं माप घेतलं. पुढे वाद नको म्हणाला.

मिशी म्हणजे फोटोवाल्याचा जीव. पण हातावर भरोसा त्याहून जास्त. कॉम्प्युटरसमोर बसला की वारलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नात उभं करायचा, भांडून गेलेल्या भावाला घरच्यांच्या रांगेत आणून बसवायचा. जोड कुठे आहे, ते नंतर त्याचं त्यालाही सापडत नसे.

वरच्या मजल्यावरच्या मावशींचं काम मात्र अवघड. पोरगा शाळेत जायच्या आतच तापाने गेलेला. मागे एकच फोटो, घड्या पडलेला, ओरखडलेला. मावशींच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. एवढं स्वच्छ दिसतंय तर तोही दिसू दे म्हणाल्या, आता असता तसा, माझ्या शेजारी उभा.

फोटोवाल्याने नजर मावशींची घेतली, हनुवटी त्यांच्या यजमानांची, खांदे स्वतःचे दिले. टेलर तर पैज विसरून कॉलर नीट बसवून घेत होता.

मावशींनी फोटो मांडीवर घेतला. बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

"देखणा आहे रे. पण हा माझा नाही."

टेलर हसला नाही.

"इथे भुवईत खोक होती. माझ्याच कडेवरून पडला होता. तोंड पुसताना हात रोज तिथे अडायचा."

फोटोवाल्याने जुना फोटो उजेडात धरला. ओरखडा समजून त्याने सगळ्यात आधी जी रेघ पुसली होती, तीच ती. ओरखडे साफ करायची वर्षानुवर्षांची सवय.

त्याने गुपचूप रेघ परत आणली. मावशींनी पाहिलं. "आला," एवढंच म्हणाल्या.

मस्करी होती, सोड, असं टेलर परत परत सांगत होता. तरी फोटोवाल्याने स्टुडिओतली खुर्ची रस्त्यात मांडली आणि समोरच्या न्हाव्याला हाक मारली. गल्ली जमली. अर्धी मिशी खाली पडली. न्हाव्याला दया आली, दुसरी बाजूही काढू का म्हणाला, बरं दिसेल.

"नको. साफ करायची सवयच वाईट."

गल्ली हसली. त्याने वर पाहिलं. गॅलरीत मावशी उभ्या होत्या, फोटोचं तोंड रस्त्याकडे करून. पोरालाही दिसावं म्हणून.