हाकेच्या अंतरापर्यंत

मी हातात धरायचा जीपीएस बोलतोय. गाडीत बसून ‘उजवीकडे वळा’ असं सांगतो तो माझा चुलतभाऊ. मी पायी चालणाऱ्यांचा. मुठीत मावतो, अंगावर रबर, पोटात दोन पेन्सिल सेल. आकाशातल्या उपग्रहांशी बोलून आपण कुठे आहोत ते सांगायचं, एवढं एकच काम मला येतं.

मला घ्यायला तिघं आली होती. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून देणारे एक गृहस्थ, नर्स असलेली त्यांची बायको आणि तिची अकरा वर्षांची मुलगी. मुलीला घरात खारू म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. मुलगी बाईंच्या पहिल्या लग्नाची. या गृहस्थांशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

गृहस्थांचा डोळा मोठ्या पडद्याच्या, बोटाने चालवायच्या यंत्रावर होता. “नकाशा बघ किती झकास दिसतोय.”

“अहो, ओल्या बोटांनी चालेल का हे?” नर्सबाईंनी विचारलं. “आणि डोंगरात चार्जिंग संपलं तर कुठल्या झाडाला लावायचं?”

दुकानदाराने मला पुढे केलं. बटणं आहेत, पाण्यात पडला तरी चालतो, सेल कुठेही मिळतात. दिसायला मी यथातथाच, पण घरी मीच गेलो.

मला आणलं ते एका खेळासाठी. कोणीतरी रानात किंवा बागेत एक छोटा डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे इंटरनेटवर टाकतं. बाकीच्यांनी ते आकडे माझ्यात भरायचे, बाणामागे चालत जायचं आणि डबा हुडकायचा. आतली एखादी वस्तू घ्यायची, बदल्यात आपली एक ठेवायची. कल्पना गृहस्थांची. तिघांनी मिळून घराबाहेर पडायला त्यांना काहीतरी निमित्त हवं होतं.

पहिल्याच दिवशी एका बागेत दोघं मोठे बराच वेळ बाकाखाली चाचपडत बसले. “यंत्र बिघडलंय,” गृहस्थ म्हणाले. “यंत्र नाही, तुमचा चष्मा,” बाई म्हणाल्या. तेवढ्यात खारूने बाजूचा सैल दगड उचलून डबा काढला. खरं तर मी जागेच्या जवळपास नेतो, आणि झाडी दाट असली की थोडा जास्तच चुकतो. पुढचं काम ज्याचं त्याने करायचं असतं.

खारू गृहस्थांना कुठल्याच नावाने हाक मारत नसे. ‘बाबा’ म्हणायला जीभ वळत नव्हती, तिला तिचे बाबा चांगले आठवत होते. ‘काका’ म्हटलं तर आईला वाईट वाटेल, अशी धास्ती. मग ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची. त्यांनी वर पाहिलं की बोलायची. ते दुसऱ्या खोलीत असले की आईला पाठवायची. गृहस्थांच्या हे केव्हाच लक्षात आलं होतं, पण त्यांनी कधी विषय काढला नाही.

एका रविवारी बाईंना अचानक ड्यूटी लागली, म्हणून दोघंच निघाली. डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याच्या चौकीजवळ गाडी लावली, तिथली खूण माझ्यात केली आणि चढायला लागली. वर धुकं उतरलं. ओल्या पायवाटेवरून गृहस्थांचा पाय सटकला आणि ते कडेच्या खोलगट जागेत जाऊन पडले. उठायला गेले, तो चेहरा पांढरा पडला. घोटा गेला होता. फोनला रेंज नव्हती.

“खारू, या जागेची खूण कर,” ते म्हणाले. “मग चौकीची खूण निवड. बाण सरळ दाखवेल, पण तू पायवाट सोडू नकोस.”

“तुम्हाला एकटं ठेवून?”

“मी कुठे पळून जाणारे?”

तिने आपला रेनकोट काढून त्यांच्या अंगावर टाकला आणि निघाली. मला तिने इतकं घट्ट धरलं होतं की बटणं नको तेव्हा दाबली जात होती.

चौकीतले दोन वनरक्षक स्ट्रेचर घेऊन तिच्याबरोबर वर आले. मी तिला खुणेपाशी आणून सोडलं. पण झाडी गच्च आणि धुकं असं, की पुढचा माणूस दिसत नव्हता. माझा बाण कधी इकडे, कधी तिकडे.

“इथेच होते,” खारू रडवेली झाली.

“हाक मार त्यांना,” थोरला रक्षक म्हणाला. “तुझा आवाज ओळखतील.”

तिने तोंड उघडलं, पण शब्द येईना. काय म्हणून हाक मारणार? मग घरात त्यांच्यासाठी रोज ऐकलेला एकच शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला.

“अहो!”

रक्षकाने तिच्याकडे वळून पाहिलं. ती आणखी मोठ्याने ओरडली, “अहो, ऐकताय का?”

“आलो, आलो,” डावीकडून खालून आवाज आला. मग जरा थांबून, “म्हणजे, येता येत नाहीये. इकडे या.”

संध्याकाळी हे सगळं ऐकून नर्सबाई आधी पोट धरून हसल्या आणि मग बराच वेळ पदराने डोळे टिपत राहिल्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून गृहस्थ म्हणाले, “एका घरात दोघी ‘अहो’ म्हणायला लागल्या, तर मी ओ कोणाला द्यायची?”

खारूने विचार केला. “मग मी ‘अहोबा’ म्हणू?”

“चालेल की,” ते म्हणाले आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसत बसले.

त्यानंतर आम्ही पुष्कळ हिंडलो. पुढे फोनच माझं काम करायला लागले आणि मी खणात गेलो. पोटातले सेल पाझरले, हिरवट बुरशी धरली. अहोबांनी भिंगं साफ करायच्या ब्रशने आणि व्हिनेगरने मला घासून पुन्हा बोलतं केलं.

खारूला दूरच्या गावी नोकरी लागली. जायच्या आधी दोघांनी स्वतःचा एक डबा लपवायचं ठरवलं. जागेचे आकडे मीच दिले. मग खारूने मलाच डब्यात ठेवलं.

“अगं, हा चालू आहे अजून,” अहोबा म्हणाले.

“म्हणूनच,” ती म्हणाली.

अहोबांनी माझे सेल काढून घेतले, मला कापडात गुंडाळलं आणि झाकण लावलं.

तर हे झाकण उघडणारे तुम्ही असाल, तर माझं एवढं ऐका. बदल्यात काहीतरी ठेवा आणि डबा घट्ट बंद करा, आत पाणी येतं. मला नवे सेल घाला, उघड्या आकाशाखाली धरा, जरा दम धरा. म्हातारा झालोय, उपग्रह सापडायला वेळ लागतो. आणि तुमच्या घरात रविवारी कोणी कोपऱ्यात गप्प बसत असेल, तर मला त्याच्या हातात द्या.