चॅपलमधली देवळी

आमच्या नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, एका गोष्टीचा मला अगदी वीट आला होता. आम्ही मूळचे अमळनेरकडचे गवंडी. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतलं मेथडिस्ट चॅपल आपल्या आजाने, देवचंद गवंड्याने बांधलं, हे नाना प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगत. दारावरच्या शिळेवर मात्र कुणा साहेबाचं नाव. गल्ली हसायची. खोटं कशाला बोलू, मीही हसायचो.

गोष्ट ठरलेली. कमानीचा शेवटचा दगड बसवताना आजाच्या उजव्या हाताचं मधलं बोट चेचून तुटलं. बरा झाल्यावर भिंत चढवताना त्याने सवयीने दिव्यासाठी देवळी, भिंतीतला छोटा कोनाडा, ठेवली. भिंत म्हटली की देवळी आलीच. देव कुणाचा, हे गवंड्याचा हात विचारत नाही. साहेब म्हणाला, इथे दिवा लावत नाहीत, बुजव. आजाने शब्द दिला आणि बुजवली.

अठ्ठ्याऐंशी साली त्याच चॅपलच्या गिलाव्याचं काम माझ्याकडे आलं. नानांची नजर तोवर गेली होती. "माले ली चाल," म्हणाले. त्यांना सोबत न्यायला माझं मन धजेना. भिंतीत काहीच निघालं नाही तर म्हातारा कोणत्या तोंडाने घरी येणार?

आत दुपार थांबून राहिल्यासारखी होती. टोकदार खिडक्यांच्या काचांतून निळा-तांबडा उजेड फरशीवर सांडलेला. वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या. बोललं की आवाज तिथवर जाई, रेंगाळे आणि जरा म्हातारा होऊन खाली येई. मी जुना चुना खरवडत होतो, धूळ उजेडात तरंगत होती, आणि तिच्यात भिंत चाचपत चालणारे नाना निळे दिसत होते. मी जागा आहे की झोपेत, तेच कळेना.

"आठे ठोक."

त्यांनी बोट ठेवलं तिथे मी ठोकलं. भरीव. दोन हात पुढे, पुन्हा भरीव. तिसऱ्यांदा, वेदीच्या डावीकडे, भिंत घुमली.

पाळक लीलाधरसाहेबांनी मान हलवली तेव्हा मी विटा काढल्या. आत देवळी. चुना कालच लावल्यासारखा पांढरा. एवढ्याशा जागेत थापी फिरत नाही, चुना हातानेच सारवावा लागतो. नानांनी आत हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"झुलाल, हात दे."

त्यांनी माझी बोटं चुन्यावर टेकवली. सारवणाऱ्या बोटांच्या रेघा होत्या. एक रेघ, मग कोरी जागा, मग दोन रेघा. मधल्या बोटाची रेघच नव्हती.

"चुकलं माझं, नाना," मी म्हणालो.

लीलाधरसाहेबांचे डोळे भरले होते. "पितांबरनाना, ही उघडीच ठेवू. शेजारी देवचंदबाबांचं नाव कोरू."

"नको. आजानी साहेबले शबद देयेल व्हता. बुजी दे."

"अहो, मग लोकांना कळणार कसं?" मी चिडलोच.

नानांनी माझा हात अजून सोडला नव्हता. "तुले कयनं ना? बस व्हयनं."

मी विटा परत बसवल्या आणि वरून चुना सारवला, हातानेच. पुढच्या वर्षी नाना गेले. आता पाहुणा आला की चहाच्या आधी ही गोष्ट मी सांगतो. माझा मुलगा हसतो.