कुरामोचीच्या खाली

कुरामोचीचं वजन एकशे बहात्तर किलो. सूमो सोडून तो आमच्या रिंगमधल्या कुस्तीत आला, तेव्हा हा भोपळा दोरांवर काय चढणार म्हणून सगळे हसले होते. वर्षभरात त्यानं सगळ्यांची तोंडं बंद केली. तो कोपऱ्यातल्या सर्वांत वरच्या दोरावर चढायचा, रिंगकडे पाठ करून उभा राहायचा आणि मागे कोलांटी घेऊन खाली निजलेल्या माणसावर येऊन पडायचा. गुडघे आणि तळवे आधी टेकवून सगळा भार तो स्वतःवर घ्यायचा. खालच्याला नुसता वारा लागायचा.

अकरा वर्षं तो खालचा माणूस बहुतेक वेळा मीच असायचो. मी सेगावा. आमच्याकडे हारजीत आधी ठरलेली असते, पण वजन खरं असतं. खालच्यानं हलायचं नाही, हा एकच नियम. तो हलला की वरच्याचा अंदाज चुकतो.

मोरिओकाला थंडीच्या दौऱ्यात, दुपारच्या खेळाआधी कुरामोची सोबाच्या शेवया खात बसला होता. हातातल्या काड्या दोनदा खाली पडल्या. मी खोदून विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं की मानेपासून डावी बाजू बधिर होते, दोन महिने झाले. पाऊल तर आहे की नाही तेच कळत नाही.

"मग आज उडी नको, दादा," मी म्हणालो.

"लोक तिकीट काढून काय माझं पोट बघायला येतात?" तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आज कोपऱ्याच्या वीतभर जवळ नीज. आणि कुणाला बोलू नकोस."

मी बोललो नाही. बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. घरी बायकोला, चिझुरूला, सातवा महिना होता.

वेळ आली तेव्हा मी वीतभर जवळ निजलो. सभागृह त्याच्या नावानं दुमदुमत होतं. खालून मला त्याचे फक्त पाय दिसत होते. उजवा बूट दोरावर घट्ट बसला. डावा चाचपडत राहिला, आंधळ्यानं पायरी शोधावी तसा. एकदा दोरावरून घसरला, पुन्हा वर आला. पंच माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. मग ती प्रचंड पाठ माझ्यावर वाकली, वाकडी, एका बाजूला कललेली, आणि दिवे दिसेनासे झाले.

मी हललो. लोळून बाजूला झालो.

तो माझ्या जागेवर मानेवर आदळला. फळ्या मोडल्याचा आवाज झाला. लोकांना तो खेळच वाटला, ते टाळ्या वाजवत राहिले.

तो जगला. आठ महिन्यांनी काठी घेऊन चालू लागला, पण पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. मी भेटायला गेलो नाही. झोपेत मला ते बूट दिसायचे.

सहा वर्षांनी चिबाहून त्याचाच फोन आला. त्यानं तिथे आखाडा काढला होता, जाड अंगाच्या पोरापोरींना कोलांट्या शिकवत होता. मी गेलो आणि बसण्याआधीच सांगून टाकलं, की मी हललो होतो.

"माहीत आहे," तो म्हणाला. "उलटा झाल्यावर सगळं दिसतं. तू हललास ते बरं केलंस. मला मात्र उडी टाळून दोरावरून खाली उतरणं जमलं नाही. लाज वाटली." त्यानं रिंगमधल्या एका पोरीकडे काठी रोखली. "आता माझं एक काम कर. मिझुहोला खाली निजणारा भरवशाचा माणूस हवाय."

मिझुहो चोवीस वर्षांची, एकशे तीस किलोची. दोरापाशी उभी राहून ती घामानं भिजली होती. मी आधी तिला विचारलं, पाय जाणवतायत ना. तिनं दोन्ही आपटून दाखवले. मग मी निजलो. तिची सावली अंगावर आली तेव्हा मी डोळे मिटले, पण हललो नाही.

वारा लागला. कानांशेजारी दोन तळवे धपकन पडले.

"लागलं का हो?" मिझुहोनं विचारलं.

मी डोळे उघडले. कुरामोची रिंगबाहेरून म्हणाला, "त्याला जरा श्वास घेऊ दे. मग पुन्हा."