दोन नंबर लहान

कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांना सगळे पारखीसाहेब म्हणत. हे नाव कौतुकाने पडलंय असं मानणारा त्या कारखान्यात एकच माणूस होता, ते स्वतः. घरात पंखा घ्यायचा ठरला तर साहेबांचा अभ्यास होईपर्यंत उन्हाळा संपून जाई. मग घेतलेला पंखा घरघर करायचा, आणि चांगल्या पंख्याचा आवाज असाच असतो हे सगळ्यांना ऐकून घ्यावं लागायचं.

अशा माणसाला त्याच्या एकोणीस वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, पुढच्या रविवारी माझा दोर धराल?"

लेक दोन वर्षं एका मोठ्या गोदामात बांधलेल्या भिंतीवर चढायला शिकत होती. आता तिचा गट पहिल्यांदाच खऱ्या कड्यावर जाणार होता, आणि खाली उभं राहून दोर सांभाळायला प्रत्येकाने आपापलं माणूस आणायचं होतं. गेली पाच वर्षं ही मुलगी बापाशी 'हो', 'नाही' आणि 'बघू' एवढंच बोलत आली होती. तिने आज आपणहून अख्खं वाक्य उच्चारलं, तेही आपला जीव बापाच्या हाती देणारं. साहेबांना भरून आलं. ते लपवायला ते म्हणाले, "मग बूट घ्यावे लागतील."

तसे ते लागत नव्हते. भिंतीवरच्या शिक्षकाचा दंडक एवढाच होता, की दोर धरणाऱ्याने आधी स्वतः एकदा वर जाऊन यायचं. जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे! त्यासाठी तिथे भाड्याचे बूट मिळत. पण भाड्याचे बूट घातले तर ते पारखीसाहेब कसले?

चार संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि निष्कर्ष काढला, की खरा चढणारा नेहमीपेक्षा दोन नंबर लहान बूट घालतो. व्हिडिओतली पोरं विशीतली होती, छताला उलटी लटकत होती आणि खाली उतरल्या उतरल्या बूट काढून फेकत होती. हा भाग साहेबांनी पुढे ढकलून पाहिला.

दुकानातली बाई साठीची होती, तीस वर्षं कडे चढलेली. तिने साहेबांचे पाय बघितले, दाबले आणि एक जोड पुढे ठेवला. "हा घाला. बोटं सरळ राहायला हवीत, टाचेला पोकळी नको, आणि दुखता कामा नये. दहा मिनिटं फिरा दुकानात. नव्या माणसाला एवढंच लागतं."

"दोन नंबर लहान दाखवा," साहेब म्हणाले.

बाईने स्वतःची चप्पल काढून पाय पुढे केला. अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसला होता. "ही माझी लहान नंबरची कमाई. तरुणपणी मलाही अक्कल होती तुमच्यासारखी."

"बाई, बावीस वर्षं मी खरेदीच करतोय."

"अहो, ऐका त्यांचं," सोबत आलेली बायको म्हणाली. "पाय तुमचे आहेत, कारखान्याचे नाहीत."

साहेबांनी जोर लावून पाय आत कोंबला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. "वा," ते म्हणाले, "याला म्हणतात माप." बाईने मुकाट्याने खोका बांधून दिला. शहाण्याला शब्दाचा मार, पण इथे शहाणाच गिऱ्हाईक म्हणून उभा होता.

शनिवारी दोर धरणाऱ्यांची परीक्षा होती. गोदामात जाड गाद्या पसरल्या होत्या आणि भिंतीवर रंगीबेरंगी खुंट्या होत्या. बूट चढवायला साहेबांना पंधरा मिनिटं लागली. बायको एका बाकावर बसून ओढत होती, ते दुसऱ्या बाकावर बसून ढकलत होते. बाकीचे लोक पाळी येईपर्यंत अनवाणी गप्पा मारत बसले होते. साहेबांनी मात्र बूट काढले नाहीत. काढले असते तर पुन्हा चढले नसते.

ते कसेबसे वर जाऊन आले. बायको रिकामी बसलेली पाहून शिक्षक म्हणाला, "काकू, तुम्हीही या की." तिने भाड्याचे, जुने, ऐसपैस बूट घातले, बोटं हलवून पाहिली आणि चढायला लागली. अर्ध्या भिंतीवरून तिचा आवाज सगळ्या गोदामात घुमला, "मला भीती वाटतेय! हात सुटेल असं वाटतंय!" लोक हसले. साहेबांनी शरमेने मान खाली घातली. ती तशीच ओरडत ओरडत टोकापर्यंत गेली. खाली आल्यावर शिक्षकाने साहेबांबरोबर तिलाही दोर धरायला शिकवलं.

मग लेक दोर बांधून साहेबांसमोर उभी राहिली. दोराचं मागचं टोक खबरदारी म्हणून शिक्षकाच्या हातात होतं. साहेबांच्या पायांत आता कळा येत होत्या, अंगठ्यांचं तर भान गेलं होतं.

"बाबा, बूट चावत नाहीत ना?"

"छे गं! अगदी मापात आहेत."

"नक्की? काढून भाड्याचे घाला हवं तर. मी थांबते."

"तू चढ. बाप आहे खाली."

ती सरसर वर गेली. साहेबांनी आधी वर पाहिलं, मग पायांकडे पाहिलं, मग एक टाच हळूच बुटातून सोडवायला घेतली. वरून लेक ओरडली, "बाबा, दोर ओढा! सुटतेय मी!" साहेबांनी मान वर करेपर्यंत ती सुटली होती. दोर सैल होता. ती हातभर नाही, चांगली पुरुषभर खाली आली आणि हिसका बसून थांबली. शिक्षकाने टोक दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं.

तिला खाली उतरवलं. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. साहेब म्हणाले, "हा दोर जरा नवीन आहे ना, त्यामुळे..."

"बाबा, पाय दुखतायत का?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर साहेबांना उत्तर सुचलं असतं. ते बाकावर बसले.

"दुखतायत," ते म्हणाले. "दुकानातच दुखत होते."

लेकीने खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि एकेक बूट ओढून काढला. आतली बोटं लालबुंद झाली होती. ती फुंकर घालेल असं साहेबांना क्षणभर वाटलं.

"मी दोनदा विचारलं होतं," ती म्हणाली. "उद्या कड्यावरून मी विचारीन, दोर नीट धरलाय ना? तेव्हाही तुम्ही हेच सांगाल, अगदी मापात. मला वरून कसं कळणार?"

लेक उठली आणि आईकडे गेली. "आई, उद्या तू येशील?"

"मला भीती वाटते गं," आई म्हणाली.

"माहीत आहे," लेक म्हणाली आणि दोर तिच्या हातात दिला.