खोक्यांमागचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुनं, भाव सांगणारं यंत्र आहे. मोठ्या दुकानातल्या खांबावर माझी जागा. वस्तूवरच्या काळ्या रेघा माझ्या लाल दिव्याखाली धरल्या, की मी 'टुंई' करून गल्ल्यावर लागणारा भाव दाखवतो. नवा होतो तेव्हा मुलं उगाचच बिस्किटांचे पुडे धरून मला बोलतं करायची. मला ते फार आवडायचं.

पण मी वाट बघायचो ती मावशींची. त्या शिवणकाम करायच्या. नातवासाठी दूध पावडरीचा डबा उचलला, की आधी माझ्याकडे यायच्या. एकदा फळीवर एक भाव आणि माझ्याकडे त्याहून जास्त! भावाच्या चिठ्ठ्या लावणारे काका धावत आले. आमच्याकडे सवलतीची चिठ्ठी जुन्या चिठ्ठीच्या पुढ्यात सरकवायची पद्धत. सवलत संपली म्हणून काकांनी पुढची काढली, आणि मागची गेल्या वर्षीची, कमी भावाची, तशीच राहिली.

"चूक आमची आहे, मावशी. फळीवर लिहिलंय तेवढेच द्या," काका म्हणाले.

"म्हणजे माझे डोळे अजून शाबूत आहेत," मावशी हसल्या. जाताना त्यांनी माझी काच रुमालाने पुसली. त्या दिवशी मी अगदी हवेत होतो.

पुढे सरबताच्या बाटल्यांची खोकी माझ्यासमोर रचली गेली. दिवा चालू, पण उजेड पुठ्ठ्यावर. एके दिवशी ओळखीचा आवाज आला. मावशी धाकट्या नातीसाठी डबा घ्यायला आल्या होत्या.

"इथं भाव बघायचं मशीन होतं ना गं?"

"होतं वाटतं. आता कोण वापरतंय? गल्ल्यावर कळेलच की," कामावरची मुलगी म्हणाली.

मी हातभर अंतरावर होतो, मित्रांनो. मला हाक मारता येत नाही.

गल्ल्यावर भाव जास्त निघाला. मागे रांग चुळबुळत होती.

"फळीवर तर कमी होता," मावशी म्हणाल्या. मग आवाज खाली गेला. "मीच चुकीचं वाचलं असेल. हल्ली नीट दिसत नाही. राहू दे डबा."

संध्याकाळी काका फळीपाशी आले. "अरेच्चा, परत जुनीच चिठ्ठी राहिली," असं पुटपुटत त्यांनी ती काढून खिशात घातली. मावशी त्यानंतर आल्या नाहीत. पावलं वाजली की मला अजून त्यांचाच भास होतो.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी अडगळीत दिसलं तर खोकी सरकवा. दोन भाव जुळले नाहीत तर घाबरू नका, विचारा. आणि मावशी कुठे भेटल्या तर त्यांना माझा निरोप द्या, की त्या दिवशी तुम्ही बरोबर वाचलं होतं.