भंगारातली बॅटरी

विजेवर चालणाऱ्या सरकारी गाड्यांच्या बॅटऱ्या माझ्या ताब्यात असत आणि माझी थोरली बहीण तिथेच रुग्णवाहिका चालवायची. एकदा आमच्या साहेबांनी तिच्या गाडीतली नवी बॅटरी स्वतःच्या मोटारीत बसवून घेतली आणि आपली थकलेली बॅटरी तिच्या गळ्यात मारली. मी नको नको म्हणत राहिले, पण माझं ऐकतंय कोण. दवाखान्याच्या चढावर रुग्णवाहिका बंद पडली आणि आतले आजोबा दगावले. चौकशीत साहेब शांतपणे म्हणाले, "ड्रायव्हर बाईंनी चार्जिंग नीट केलं नव्हतं." ताईची नोकरी गेली. त्यानंतर ती घरात कुणाशी बोलेनाशी झाली.

मी डूख धरून होते. उत्तम व्यवस्थापनाचा पुरस्कार घ्यायला साहेब निघणार होते, त्या सकाळी मी भंगारात पडलेली तीच बॅटरी त्यांच्या मोटारीत चढवली. बॅटरी थकलेली असली तरी पडद्यावर चार्ज पूर्ण दिसत होता, त्यामुळे ते खुशीत निघाले.

दुपारी घाटातून त्यांचा फोन आला. "गाडी बंद पडलीय. दुसरी पाठवा लगेच."

"चार्जिंग नीट केलं नसेल, साहेब," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

समारंभ त्यांच्याविनाच उरकला. आठवडाभरात माझी उचलबांगडी झाली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. घरी येऊन ताईला सगळं सांगितलं.

"घामाघूम झाला असेल ना गं?" तिने विचारलं.

"कोट घालून गेला होता."

ताईने खुर्ची जवळ ओढली. "पुन्हा सांग. पहिल्यापासून, सावकाश."